वाचकांचे प्रश्न : बांधावरची गारगोटी की अश्मयुगातले पाते?

मागील अंकात दगडी हत्यारांविषयी दोन ओळींचे टिपण छापले होते. त्यावर पुणे शहरातून व जिल्ह्यातून बरीच पत्रे आली. त्यांतील काही प्रश्न निवडून येथे उत्तरे दिली आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : आमची शेती शिरूर तालुक्यात घोड नदीपासून जवळ आहे. उन्हाळी नांगरटीनंतर पहिला पाऊस पडून गेला की मातीवर दुधी रंगाच्या बारीक चकत्या आणि पट्ट्या धुऊन वर येतात. आम्ही लहानपणी त्यांना गारगोट्या म्हणत असू आणि अंधारात एकमेकींवर घासून उजेड पाडत असू. नातू म्हणतो, हे ‘फ्लिंट’ असून आदिमानवाने घडवलेले आहे. त्याचे खरे मानावे काय? (एक निवृत्त शिक्षक)

उत्तर : नातवाचे निम्मे म्हणणे नक्की चुकीचे आहे आणि उरलेले निम्मे बरोबर असण्याचा चांगला संभव आहे.

आधी दगडाचे नाव पाहू. फ्लिंट हा दगड खडूच्या खडकात गाठींच्या रूपाने तयार होतो. इंग्लंड, उत्तर फ्रान्स, डेन्मार्क येथे तो विपुल असल्यामुळे तिकडच्या पुस्तकांत प्रत्येक हत्यार फ्लिंटचे असते आणि आपल्याकडची मुले तोच शब्द उचलतात. आपल्या पायाखाली खडू नसून सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा काळा बेसाल्ट आहे. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, पुढे त्यांत झिरपलेल्या पाण्यातील सिलिका साचत गेली आणि कॅल्सेडनी, अकीक, जास्पर, स्फटिक असे दगड तयार झाले. आपल्या चकत्या बहुधा कॅल्सेडनीच्या असाव्यात. हा दगडही फ्लिंटप्रमाणे काचेसारखा फुटतो आणि त्याची धार तितकीच तीक्ष्ण निघते. म्हणून येथल्या माणसाने तो वापरला. (जाता जाता : दोन गारगोट्या घासल्यावर दिसणारा फिकट उजेड म्हणजे ठिणगी नव्हे. चकमकीची ठिणगी पडायला पोलाद लागते, कारण पेटतो तो लोखंडाचा कण, दगड नव्हे.)

आता चकती माणसाने काढली की आपोआप फुटली, हे कसे ठरवावे? गाभ्याच्या, म्हणजे ज्यातून तुकडे काढायचे त्या मूळ दगडावर कडेजवळ नेमका घाव घातला की छिलका निघतो. जेथे घाव बसला तेथे छिलक्याच्या टोकाला एक लहानशी सपाट जागा उरते. तिच्या लगेच खाली, आतल्या अंगाला, बोटाला जाणवेल असा फुगवटा असतो आणि त्या फुगवट्यापासून पाण्यात खडा टाकल्यावर उठावेत तशा कमानदार लहरी पसरत जातात. सोडावॉटरच्या बाटलीच्या जाड बुडाचा टवका उडालेला ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे लगेच ओळखू येईल. छिलका उलटा करून पाठ पाहावी. त्याच गाभ्यावरून त्याच्या आधी निघालेल्या छिलक्यांचे खोलगट वण तेथे दिसले तर संशयाला जागा कमी उरते. आपण ज्यांना पट्ट्या म्हणता त्यांच्या दोन्ही कडा समांतर असतील आणि पाठीवरून लांबीच्या दिशेने एक-दोन सरळ कणे जात असतील, तर ती पाती होत. अशी पाती निसर्ग सहसा घडवत नाही.

कडेवरचे दाते मात्र फसवे असतात. मुद्दाम बोथट केलेल्या कडेवर एकाच बाजूने, एकसारख्या उतारावर, लागोपाठ बारीक टवके काढलेले दिसतात. नांगराच्या फाळाने किंवा गुरांच्या खुराने उडालेले टवके तुटक आणि वेडेवाकडे असतात, आणि ते नवे असल्यामुळे त्यांचा रंग बाकीच्या दगडापेक्षा ताजा दिसतो. जुन्या पिढीने वापरलेल्या चकमकीच्या गारा हा तिसरा फसवा प्रकार होय. त्यांच्या कडा सर्व बाजूंनी ठेचलेल्या असतात आणि कधी त्यांवर लोखंडाचा डाग राहिलेला असतो.

एका चकतीवरून कोणताही निष्कर्ष काढू नये. जेथे हत्यारे घडवली गेली तेथे गाभे, छिलके, मोडकी पाती आणि निरुपयोगी कचरा हे सगळेच जवळजवळ सापडते, आणि अभ्यासकाला सुबक पात्यापेक्षा हा कचराच अधिक सांगून जातो. आपल्याच तालुक्यात, घोड नदीच्या काठी, इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथील ताम्रपाषाण युगातील शेतकऱ्यांना तांबे ठाऊक होते, तरी ते महाग पडत असावे; कापण्या-सोलण्याच्या रोजच्या कामाला ते कॅल्सेडनीची पातीच वापरत. त्याच दगडाची चंद्रकोरीच्या, त्रिकोणाच्या आकाराची सूक्ष्म हत्यारे त्यांच्या कितीतरी आधी शिकारी लोकांनीही घडवली आणि ती लाकडाच्या किंवा हाडाच्या खोबणीत चिकवून वापरली. म्हणून दगडाबरोबर आसपासची खापरेही पाहावीत. लाल अंगावर काळ्या रंगाची नक्षी असलेले, टिचकी मारल्यावर खणखणीत वाजणारे खापर असेल तर ते जोर्वे पद्धतीचे, म्हणजे इनामगावच्या लोकांच्या काळातले असण्याची शक्यता आहे. (संगमनेर तालुक्यातील जोर्वे या गावावरून हे नाव पडले.) खापर अजिबात नसेल तर तेही लिहून ठेवावे.

प्रश्न : मी रोज सकाळी पुण्यातल्या एका टेकडीवर फिरायला जाते. तेथे पायवाटेवर कुऱ्हाडीच्या पात्यासारखा काळा दगड सापडला. छायाचित्र सोबत जोडले आहे. ही हातकुऱ्हाड असावी का? (कोथरूडच्या एक भगिनी)

उत्तर : आपल्या छायाचित्रात दगडाची एकच बाजू दिसते, त्यामुळे ठामपणे नकार देता येत नाही, परंतु मला ती हातकुऱ्हाड वाटत नाही. बेसाल्ट हवा-पाण्याने झिजताना कांद्यासारखा पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटतो आणि त्यातून बदामी आकाराचे, एका बाजूला निमुळते तुकडे हजारोंनी तयार होतात. त्यातच पुण्याच्या टेकड्यांवर दगडाच्या जुन्या खाणी आहेत, वाटांवर खडी पसरलेली आहे, आणि खडीच्या यंत्रातून निघालेल्या तुकड्यावर घावाची जागा व फुगवटा अगदी अस्सल हत्यारासारखे उमटलेले असू शकतात. मात्र अशा तुकड्याचे पृष्ठ करडे व ताजे असते, तर जुन्या हत्याराच्या सगळ्या वणांवर झिजेची सारखीच साय धरलेली असते.

खऱ्या हातकुऱ्हाडीला दोन्ही अंगांनी, कडेकडून मध्याकडे, अनेक छिलके काढून सबंध कड साधलेली असते. केवळ आकार जुळून भागत नाही. शिवाय ती कोठे पडली होती हेही पाहावे लागते. आपल्याकडे बेसाल्ट व त्याच्याच जातीच्या डोलेराइट दगडाच्या हातकुऱ्हाडी आणि फरश्या (रुंद, सरळ धारेची हत्यारे) मिळाल्या त्या मुख्यतः नद्यांच्या काठच्या जुन्या दगडगोट्यांच्या थरांतून : जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी बोरी येथे, बारामती तालुक्यात कऱ्हेकाठी मोरगाव येथे आणि प्रवरेकाठी नेवाशाजवळ चिरकी येथे. भारतातील अशा पहिल्या हत्याराची नोंद ३० मे १८६३ रोजी मद्रासजवळच्या पल्लावरम येथे रॉबर्ट ब्रूस फूट यांनी केली. ते पेशाने भूवैज्ञानिक होते, आणि हातात आलेल्या दगडाइतकेच तो ज्या थरातून आला त्या थराकडे त्यांचे लक्ष होते. आपला दगड जेथून उचलला तेथेच परत ठेवावा आणि फिरणे चालू ठेवावे. ओढ्याने कापलेल्या काठांकडेही एखादी नजर टाकत जावी.

प्रश्न : मी जुन्नर तालुक्यातील महाविद्यालयात शिकतो. शिवारात सापडलेल्या अशा वस्तूंची नोंद नेमकी कशी करावी? माझ्याकडे फक्त मोबाइल आणि वही आहे. (एक विद्यार्थी)

उत्तर : तेवढे पुरते. खरे तर सर्वांत मोठी चूक साधनांच्या अभावाने होत नाही, उचलण्याच्या घाईने होते. मी स्वतः विशीत असताना भीमेच्या खोऱ्यातून पिशवीभर पाती गोळा करून आणली होती. तीन गावांची पाती एकाच पिशवीत, चिठ्ठी एकच, आणि ती पुढे पावसात भिजली. ती पाती आजही माझ्या कपाटात आहेत; दिसायला देखणी आहेत आणि अभ्यासाला कवडीमोल आहेत, कारण कोणते पाते कोणत्या गावचे हे आता मलाही सांगता येत नाही.

तेव्हा दगड उचलण्याआधी तो जागेवर असतानाच एक छायाचित्र जवळून आणि एक दुरून घ्यावे. दुरूनच्या छायाचित्रात विहीर, झाड, विजेचा खांब असे काही स्थिर चिन्ह यावे. मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश दशांश अंशांत, दशांशचिन्हापुढे पाच आकड्यांपर्यंत उतरवावेत आणि मोबाइल किती मीटरची अचूकता दाखवतो तेही लिहावे. आपल्या भागात अक्षांश १८ किंवा १९ ने आणि रेखांश ७३ किंवा ७४ ने सुरू होतो. घाईत दोन्हींची अदलाबदल झाली तर एवढ्यावरून ती लगेच पकडता येते. त्याखाली गाव, तालुका, शिवाराचे स्थानिक नाव आणि सातबाऱ्यावरचा गट नंबर लिहावा. मोबाइल बिघडतो, नकाशाचे ॲप बदलते, पण गट नंबर तलाठ्याकडे राहतो. ‘पांढरीचे शेत’ यासारखे नाव आवर्जून टिपावे, कारण जुन्या वस्तीच्या राखाडी मातीला गावोगाव पांढर म्हणतात आणि अशा नावाखाली कधी कधी खरोखरच वस्ती दडलेली असते.

जागेचे वर्णन दोन वाक्यांत करावे : नांगरलेली काळी जमीन, मुरमाड माळ, ओढ्याने कापलेला काठ की बाहेरून आणून टाकलेला भराव. ओढ्याच्या काठातून दगड डोकावत असेल तर तो ओढून काढू नये. वरच्या कडेपासून तो किती खोल आहे आणि कोणत्या थरात आहे एवढे मोजून, थर दिसेल असे छायाचित्र घेऊन थांबावे. थरात रुतलेला एक दगड हा पृष्ठभागावरच्या शंभरांपेक्षा मोलाचा असतो आणि तो जाणत्यानेच काढलेला बरा. पृष्ठभागावर मात्र दहा पावले लांब, दहा पावले रुंद जागा आखून तिच्यातील गाभे, छिलके व पाती मोजावीत. उसाने झाकलेले शेत होते की उघडे रान, हेही लिहावे, म्हणजे ‘काही सापडले नाही’ याचा अर्थ नंतर वाचणाऱ्याला कळतो.

प्रत्येक वस्तूची लांबी, रुंदी व जाडी मिलिमीटरमध्ये घ्यावी आणि दोन्ही अंगांची व एका कडेची छायाचित्रे काढावीत. उजेड डाव्या-वरच्या बाजूने तिरपा पडेल असे बसावे, म्हणजे वण उठून दिसतात. भर दुपारच्या उन्हात सगळे सपाट दिसते. शेजारी मोजपट्टी ठेवावी. पुष्कळ जण नाणे ठेवतात, परंतु नाण्यांचे आकार बदलत आले आहेत आणि वीस वर्षांनी ते नाणे कोणते होते हे कोणाला आठवणार? एखादी वस्तू उचललीच तर ती स्वतंत्र पिशवीत, जाड कागदावर पेन्सिलने लिहिलेल्या क्रमांकासह ठेवावी आणि तोच क्रमांक वहीत लिहावा. एकाच पिशवीत खडखडणारी पाती एकमेकांच्या कडा फोडतात आणि मग नवे टवके जुने म्हणून मोजले जातात. शेतमालकाला आधी विचारावे, हे वेगळे सांगायला नको.

नोंद पुरी झाली की तिची प्रत डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाला किंवा राज्याच्या पुरातत्त्व खात्याला द्यावी.

प्रश्न : सापडलेले दगड लख्ख करण्यासाठी लिंबू किंवा ॲसिड वापरावे का? (अनेक वाचक)

उत्तर : मुळीच नाही. चिखल फार असेल तर साध्या पाण्यात बुडवून बोटांनी सोडवावा. ब्रशने घासू नये. धारेवर वापराची जी सूक्ष्म झिलई असते तीवरून त्या पात्याने गवत कापले की कातडे सोलले याचा अंदाज सूक्ष्मदर्शकाखाली घेता येतो आणि ती एकदा बिघडली की परत येत नाही.

प्रश्न : अशी हत्यारे घरी ठेवणे किंवा विकणे गुन्हा आहे का? एक गृहस्थ गावात येऊन पाती विकत मागत होते. (एक शेतकरी)

उत्तर : १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तू पुरावस्तूंमध्ये मोडतात. त्यांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. संरक्षित स्थळी खोदणे तर सर्वस्वी मना आहे; इतरत्रही उत्खनन हे परवानगीचे काम आहे, मग शेत आपले स्वतःचे का असेना. आलेल्या गृहस्थांना रिकाम्या हाती परत पाठवावे. किंमत लागते असे एकदा कळले की पोरे शिवार वेचून साफ करतात, आणि वेचलेल्या शिवारात अभ्यासकाला मग काहीच वाचता येत नाही.

प्रश्न : नोंदवहीत ‘काळ’ असा रकाना केला आहे. त्यात काय लिहावे? (जुन्नरच्याच विद्यार्थ्याचा दुसरा प्रश्न)

उत्तर : आपल्या तालुक्यातील बोरीचेच उदाहरण घ्या. तेथे हत्यारांबरोबर ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे, म्हणजे कालमापनाला याहून अनुकूल जागा मिळणे कठीण. तरीही त्या राखेचे वय कोणी सुमारे १४ लाख वर्षे काढले, कोणी ६.७ लाख, तर सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकातली ती राख आहे, असे इतरांचे म्हणणे पडले. प्रयोगशाळा असलेल्यांची ही स्थिती असताना नांगरलेल्या शेतातल्या सुट्या चकतीचे वय आपण वहीत लिहू नये. घडणीवरून ‘पाते’, ‘गाभा’, ‘दोन्ही अंगांनी घडवलेले’ असा प्रकार लिहावा, आणि तो रकाना हवाच असेल तर पेन्सिलने भरावा.