माझी कारणे खरी आहेत ना?

कॅथलिक श्रद्धा स्वीकारू पाहणारी प्रौढ माणसे माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा बहुतेकांच्या मनात एकच धास्ती असते: ही खरी श्रद्धा आहे, की मी दुःखापासून पळतो आहे?

चाळिशीतल्या एका गृहस्थांनी कारणांची लेखी यादीच आणली होती. प्रेषितांपासून चालत आलेली बिशपांची परंपरा, मिस्सा ही कॅथलिकांची मुख्य उपासना, दीर्घ चिंतनानंतर १८४५ मध्ये कॅथलिक झालेले इंग्लंडमधले अँग्लिकन धर्मगुरू जॉन हेन्री न्यूमन, असे सारे तीत होते. वाचताना आवाज मात्र कोरडा होता.

"ही यादी कुणासाठी?"

"पत्नीसाठी. भाऊ गेल्यापासून मी भरकटलो, असे तिला वाटते."

भावाशी त्यांचे शेवटचे बोलणे भांडणाचे होते, आणि पापनिवेदनाची, म्हणजे धर्मगुरूपुढे पापांची कबुली देण्याची, ओढ त्यातूनच लागली होती. मात्र बाप्तिस्म्यानेच पूर्वीच्या सर्व पापांची क्षमा होते आणि पापनिवेदनाचा संस्कार त्यानंतरच घेता येतो, हे कळल्यावर ते हिरमुसले होते. "मला ते एकदा मोठ्याने बोलायचे होते हो!"

मग ते माझ्यापाशी बोलले. मी मधे एक शब्दही घातला नाही. ऐकून घेणे हेच माझ्या कामाचे मर्म आहे, असे मी मानतो. शेवटी एवढेच म्हणालो, "मन मोकळे झाले. आता रविवारी मिस्साला जावेसे वाटते का, ते पाहा."

पुढच्या भेटीत ते सावकाश म्हणाले, "गेलो. या वेळी काही मागायचे नव्हते, तरी फादरांनी भाकर उंचावली तेव्हा आपोआप गुडघे टेकले."

त्यांच्याइतकाच मीही त्या क्षणी थांबलो. दुःखामुळे माणूस श्रद्धेकडे वळला, एवढ्याने ती श्रद्धा खोटी ठरत नाही. दुःख निवळल्यावरही ओढ टिकते का, हे पाहावे लागते, आणि त्याला वेळ द्यावा लागतो. चर्चही तो देते. प्रौढाची इच्छा, त्याचे शिक्षण आणि दीक्षार्थी म्हणून, म्हणजे बाप्तिस्म्याच्या तयारीच्या काळात, झालेली पारख यांवाचून त्याला बाप्तिस्मा देऊ नये, असे चर्चचा कायदा सांगतो. सक्ती तर त्याला मुळीच मान्य नाही. म्हणून लग्नासाठी किंवा कुणाला खूश करण्यासाठी घाई करणाऱ्यांना मी स्पष्टपणे थांबायला सांगतो.

घरच्यांशी वाद जिंकण्याचा प्रयत्नही करू नये. ज्यू कुटुंबातील जर्मन तत्त्वज्ञ एडिथ स्टाइन यांनी १९२२ मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतरही त्या आईसोबत सिनेगॉगमध्ये जात असत. त्या गृहस्थांनीही यादी बाजूला ठेवून पत्नीला भांडणाची हकीकत प्रथमच सांगितली. तिचा विरोध अजून मावळलेला नाही. फादरांना भेटायला मात्र ती सोबत जाणार आहे.