'कोरोना संशयित' : संशय रोगाचा की माणसाचा?

सोलापूरच्या एका वाचकांचा प्रश्न आहे: "चोरीच्या प्रकरणात पोलीस 'संशयित' म्हणतात. कोरोनात तपासणीला नेलेल्या माणसालाही बातम्यांत 'संशयित'च म्हणायचे. हे व्याकरणात बसतं का? दुसरा शब्द आहे का?"

व्याकरणात बसतं. संस्कृतात 'संशयित' म्हणजे ज्याबद्दल खात्री नाही ते. गुन्ह्याचा त्यात संबंध नाही. आरोग्य खात्याच्या संशयित, संभाव्य, निश्चित या पायऱ्यांतली ती पहिली पायरी. घोळ मथळ्यांनी केला. जागा वाचवायला 'रुग्ण' गाळला आणि 'कोरोना संशयित' उरला. विशेषणाचं नाम झालं, आणि नाम म्हणून हा शब्द आपण पोलीस ठाण्यातूनच ऐकत आलोय. बोलताना मराठी माणूस ही गल्लत करत नाही. डेंगीचा संशय येतो, माणसावर संशय घेतात. 'चा' आणि 'वर' यांनी केलेला हा भेद नुसत्या 'संशयित'मध्ये पुसला जातो.

त्यात कायद्याची भाषा मिसळली. मार्च २०२० मध्ये राज्याने १८९७ चा, प्लेगच्या काळातला साथरोग कायदा लागू केला. त्याखालचा आदेश मोडला की तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम १८८ लागायचं. मग दवाखान्यातून निघून गेलेला रुग्ण 'फरार' झाला, प्रवास न सांगणाऱ्याने तो 'लपवला'. घरी विलगीकरणात ठेवलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्के बसले. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात एकाच खोलीत संसारही चालतो आणि विड्याही वळल्या जातात. तिथे बोळाच्या तोंडाला बांबू आडवे बांधले की आतली सगळी घरं संशयित. खेड्यांत वेशीवर काट्या पडल्या त्या पुण्या-मुंबईहून परतलेल्या स्वतःच्याच पोरांसाठी. तबलिगींच्या, म्हणजे तबलिगी जमात या मुस्लीम धर्मप्रचारक संघटनेच्या लोकांच्या निमित्ताने तर अख्खा मुस्लीम समाज संशयित ठरवला गेला. २१ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेलं असण्याची शक्यता नोंदवली. ९ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयानेही बजावलं की, सक्षम अधिकाऱ्याचा तसा आदेश नसेल तर रुग्णाच्या दारावर फलक लावू नयेत. तोवर कित्येक घरांशी शेजाऱ्यांचं बोलणं तुटलं होतं, याचं मला आजही फार वाईट वाटतं.

पर्याय आहे, आणि तो आपल्याच वर्तमानपत्रांत दर पावसाळ्यात छापून येतो: 'डेंगीसदृश'. यात साम्य दाखवलं जातं ते आजारात. माणसाकडे कोणी बोट दाखवत नाही. 'संभाव्य' मात्र नको, ती खात्याची दुसरी पायरी आहे. लक्षणं असतील तर 'कोरोनासदृश लक्षणांचा रुग्ण' लिहावं. लक्षणं नसतील तर ती फक्त 'संपर्कात आलेली व्यक्ती', तिला रुग्णही म्हणू नये. आणि 'संशयित' लिहायचंच असेल तर त्याच्यापुढचा 'रुग्ण' गाळू नये, भले मथळा दोन ओळींचा होवो.