जुनी कूपे, ‘जशी आहे तशी’चे कलम आणि मागे फिरवलेला मीटर

प्रश्न: तीन आठवड्यांपूर्वी मी एका खासगी मालकाकडून अठरा वर्षे जुनी, दोन दारांची स्पोर्ट्स कूपे घेतली. करारनाम्यात ‘गाडी जशी आहे तशी पाहून घेतली, पुढे तक्रार करणार नाही’ असे लिहिले आहे. विक्रेत्याने व्हॉट्सॲपवर ‘इंजिन कधीच खोललेले नाही, ६१,००० किलोमीटर खरे आहेत’ असे कळवले होते. आता इंजिन तापते आणि हेड (इंजिनाचा वरचा भाग) पूर्वी उतरवलेले आहे, असे मेकॅनिक म्हणतो. मॅन्युअलच्या कप्प्यात पाच वर्षांपूर्वीचे, १,०४,००० किलोमीटरची नोंद असलेले सर्व्हिस बिल सापडले. आरसी अजून माझ्या नावावर नाही. पैसे परत मिळतील का?

उत्तर: आपल्या प्रश्नात दोन तक्रारी मिसळल्या आहेत आणि त्या वेगळ्या केल्याखेरीज आपली बाजू उभी राहणार नाही. एक गाडीच्या वयाची आहे, दुसरी विक्रेत्याच्या शब्दाची. इतक्या जुन्या गाडीत होज (रबरी नळ्या) कडक होणे, सस्पेन्शनचे बुश (रबरी सांधे) झिजणे, किलोमीटर कमी असूनही केवळ वर्षे उलटल्यामुळे टायमिंग बेल्ट बदलावा लागणे हे अपेक्षितच असते. आधीचा चालक ती किती ताणून हाकत असे, हेही कोणत्या कागदावर लिहिलेले नसते. ‘जशी आहे तशी’चे कलम याच जोखमीसाठी असते आणि त्या मर्यादेत ते आपल्याला बांधून ठेवते. मालविक्री कायदा, १९३० मधील कलम १६ चाही फारसा आधार नाही. मालाच्या विक्रीयोग्यतेची गर्भित, म्हणजे न लिहिताही मानली जाणारी, अट त्या प्रकारच्या मालाचा व्यापार करणाऱ्याला लागू होते, स्वतःची गाडी एकदाच विकणाऱ्या गृहस्थाला नाही. त्याच कारणाने ग्राहक आयोगातही आपली तक्रार टिकणे कठीण आहे. गाडी डीलरकडून घेतली असती, तर मी वेगळे उत्तर दिले असते.

मात्र ‘जशी आहे तशी’च्या कलमाच्या आडोशाने खोटे बोलता येत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ मधील कलम १७ प्रमाणे, खरी नाही हे ठाऊक असलेली गोष्ट खरी म्हणून सांगणे किंवा माहीत असलेली गोष्ट हेतुपुरस्सर दडवणे हे कपट ठरते, आणि कलम १९ नुसार असा करार आपण रद्द करू शकता, किंवा तो कायम ठेवून नुकसानभरपाई मागू शकता. नुसते मौन सहसा कपट ठरत नाही. विक्रेता गप्प बसला असता तर आपले प्रकरण लंगडे पडले असते. तो बोलला, आणि तेही लिहून.

आता ते बिल पुन्हा हातात घ्या. त्यावरील तारीख आणि गाडी विक्रेत्याच्या नावावर झाल्याची तारीख शेजारी ठेवून पाहा. बिल त्याच्याच काळातले, त्याच्याच नावाचे असेल, तर ६१,००० चा आकडा खोटा असल्याचे त्याला माहीत नव्हते हे पटणे अवघड आहे. बिल त्याच्या आधीच्या मालकाचे असेल, तर कदाचित त्यालाही कोणी शेंडी लावली असेल. मग हे कलम १८ मधले, हेतू नसलेले चुकीचे निवेदन ठरते. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण साधारण दक्षतेने सत्य कळू शकले असते तर करार रद्द करता येत नाही, हा कलम १९ मधील अपवाद चुकीच्या निवेदनाला लागू होतो, जाणूनबुजून सांगितलेल्या खोट्याला नाही. ‘बिल गाडीतच होते, पाहायचे होते’ हा बचाव समोरून हमखास येईल. म्हणून बिल कुठे, कोणासमोर आणि केव्हा सापडले ते आजच लिहून ठेवा.

इंजिन मात्र अजून खोलू देऊ नका, कारण एकदा दुरुस्ती झाली की पुरावा भंगारात जातो. स्वतंत्र अभियंत्याकडून प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजून घ्या, हेडच्या बोल्टवरील पान्याच्या खुणा आणि कडेला दिसणारे नवे सीलंट यांची छायाचित्रे घ्या आणि स्कॅनर लावून गाडीतल्या इतर नियंत्रण युनिटमध्ये (छोट्या संगणकांत) किलोमीटरची नोंद आहे का ते तपासा; बऱ्याच गाड्यांत ती मीटरखेरीज अन्यत्रही साठवलेली असते. व्हॉट्सॲपचे संदेश असलेला मूळ फोन जपा, कारण भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ मधील कलम ६३ चे, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जोडायचे प्रमाणपत्र त्यासाठी द्यावे लागेल.

करार रद्द करायचा असेल, तर गाडी वापरणे आजच थांबवा. सत्य कळल्यावरही ती चालवत राहिलात, तर आपण व्यवहार मान्य केला असा अर्थ काढला जाईल. दाव्याची मुदत कपट कळल्यापासून तीन वर्षांची असली, तरी वकिली नोटीस याच आठवड्यात जावी. फसवणुकीची फौजदारी तक्रार शक्य आहे, पण बिलाच्या तारखेचा उलगडा होण्याआधी ती करणे मला घाईचे वाटते.

राहिला आरसीचा प्रश्न. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५० नुसार हस्तांतराची खबर खरेदीदाराने तीस दिवसांत द्यायची असते आणि आपल्या भांडणामुळे ती मुदत थांबत नाही. नोटिशीला उत्तर आले नाही, तर ‘सर्व हक्क राखून’ असे विक्रेत्याला लेखी कळवून अर्ज करा. विमाही लगेच आपल्या नावावर करून घ्या. तोवर तृतीय पक्षाचे संरक्षण टिकते, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे नाही.