बाबांचं यकृत प्रत्यारोपण झालंय, आम्ही आर्णीजवळच्या खेड्यात राहतो. घरी काळजी कशी घ्यावी?

आधी गोळ्यांची वेळ. टॅक्रोलिमस, म्हणजे शरीराने नवं यकृत नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी, बहुतेकांना दर 12 तासांनी असते. सकाळी 8, रात्री 8 ठरलं की कापूस वेचणी असो की घरचं लग्न, वेळ चुकवू नका. पंधरा दिवसांचा साठा घरात हवाच. रक्तातली या औषधाची पातळी तपासायला नागपूरला जाल तेव्हा सकाळची गोळी रक्त दिल्यावरच घ्यायची. पहाटेच्या एसटीच्या घाईत माणसं आधीच गिळतात, मग अख्खी फेरी वाया जाते.

गुळवेलीबद्दल मात्र कळकळीने सांगतो. ‘लिव्हरला चांगली’ म्हणून कोणीतरी काढा आणून देईलच. बाबांना देऊ नका. ती प्रतिकारशक्ती चाळवते, आणि यांची औषधं तीच दाबून ठेवतात. गुळवेलीने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी भारतातच आहेत. गावातल्या डॉक्टरांनी दुखण्याची गोळी किंवा अँटिबायोटिक लिहिलं, तरी आधी प्रत्यारोपण केंद्राला फोन करा. क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या अँटिबायोटिकने टॅक्रोलिमसची पातळी फार चढते.

पाणी उकळून द्या, गोठ्यातलं शेण दुसऱ्या कोणी काढावं. ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर गेला तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच फोन करा.