वाचकांचे प्रश्न : नाचवणारा ठेका आणि न निभावणारे नाते

गायिका रिहाना आणि संगीतकार केल्विन हॅरिस यांच्या ‘वुई फाउंड लव्ह’ या २०११ मधील गाण्याचा मागील अंकात ओझरता उल्लेख झाला होता. गाण्याच्या चित्रफितीची नायिका रिहानाच आहेत, आणि एका तरुणाशी जुळलेले, नशा व भांडणांतून जात अखेर तुटणारे नाते हे तिचे कथानक आहे. त्यावर आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : या गाण्याचा ठेका लग्नाच्या वरातीत वाजवावा इतका उत्साही आहे, चित्रफितीत मात्र भांडणे, नशा आणि रडारड आहे. संगीतकाराचे एक आणि दिग्दर्शकाचे दुसरेच, असे तर झाले नाही ना? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : विसंगती आहे, पण ती गाण्याच्या घडणीतच आहे, चित्रफितीने ती बाहेरून आणलेली नाही. गाणे लिहिले आणि रचले ते स्कॉटलंडच्या केल्विन हॅरिस यांनी, आणि त्यात शब्द अत्यंत कमी आहेत. दोन छोटी कडवी आणि एक ध्रुपद, एवढाच त्याचा ऐवज. निराशेने भरलेल्या जागी आम्हाला प्रेम सापडले, एवढेच ध्रुपद सांगते आणि तेच पुनःपुन्हा सांगत राहते. कडव्यातली एक ओळ मात्र नीट ऐकावी. जे वाटते ते नाकारता येत नाही, पण ते सोडून द्यायलाच हवे, असे नायिका तेथे म्हणते. सगळा संघर्ष त्या ‘पण’मध्ये आहे. नाचताना तो कोणाच्याही कानातून निसटतो, कारण तेथे आवाज चढत नाही, सूर भरून येत नाही आणि वाद्येही थांबत नाहीत.

आपल्या भावगीतात किंवा चित्रपटगीतात मुखड्याने जे सांगितले त्याचा विस्तार अंतऱ्यात होतो, आणि गाण्याचा कळस बहुधा गायकाच्या गळ्यातूनच गाठला जातो. क्लबसाठी रचलेल्या नृत्यसंगीताची रीत वेगळी आहे. या गाण्यात मिनिटाला १२८ ठोके पडतात आणि हा वेग शेवटपर्यंत बदलत नाही; बदलतो तो नादाचा दाटपणा. ध्रुपदाची ओळ फिरू लागली की तालवाद्याचे ठोके जवळजवळ येतात, सिंथेसायझरचा आवाज वर सरकत जातो, ऐकणाऱ्याचा श्वास अडकावा अशी स्थिती येते, आणि मग गायिका गप्प होऊन मुख्य धून एकदम कोसळते. या क्षणाला ‘ड्रॉप’ म्हणतात. गाण्याचा खरा कळस तो, आणि तेथे एकही शब्द नाही.

दिग्दर्शिका मेलिना मत्सूकास यांनी नेमकी ही रिकामी जागा हेरली. शब्द गप्प असतात तेथे त्या प्रतिमांचा मारा करतात: डोळ्यांच्या विस्फारलेल्या बाहुल्या, नशेच्या गोळ्या, शेतात बेभान नाचणारा जमाव, सुपरमार्केटमधल्या ढकलगाडीत बसून केलेला धुडगूस, जागच्या जागी गरगर फिरवलेली मोटार. वर नेणारा आणि धाडकन सोडून देणारा हा नाद नशेच्या चढ-उताराचा आहे आणि त्या नात्याचाही. म्हणून मला असे वाटते की चित्रफीत गाण्याच्या विरोधात जात नाही. ठेक्यात जे आधीपासून होते, पण नाचणाऱ्याला कळत नव्हते, ते ती उघड करते. हेच कथानक एखाद्या संथ, हुंदके देणाऱ्या चालीवर बसवले असते, तर ही मुलगी त्या मुलाकडे पुनःपुन्हा का परतते हे प्रेक्षकाला कधीच पटले नसते. येथे ते पटते, कारण पुढच्या ड्रॉपची वाट प्रेक्षकही पाहत असतो.

प्रश्न : माझी मुलगी महाविद्यालयात शिकते आणि ही चित्रफीत तिची आवडती आहे. मला तर ती नशेची आणि मारहाणीची जाहिरात वाटली. तिला इतके पुरस्कार मिळालेच कसे? (एक आई, नाशिक)

उत्तर : आपला आक्षेप एकटीचा नाही. १९ ऑक्टोबर २०११ रोजी चित्रफीत प्रसृत होताच अशा तक्रारी सुरू झाल्या. उत्तर आयर्लंडमध्ये कर्करोगाविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेने त्यातील धूम्रपानाला हरकत घेतली, महिलांवरील अत्याचारांच्या प्रश्नावर काम करणाऱ्यांनी नायिकेच्या चित्रणावर टीका केली, आणि फ्रान्समध्ये रात्री दहाच्या आधी ती दूरचित्रवाणीवर दाखवण्यास मनाई झाली. दुसऱ्या बाजूला २०१२ मध्ये एमटीव्ही या संगीतवाहिनीचा वर्षातील सर्वोत्तम चित्रफितीचा पुरस्कार आणि २०१३ मध्ये लघु चित्रफितीसाठीचा ग्रॅमी हा अमेरिकेचा संगीत पुरस्कार तिलाच मिळाला.

माझे मत विचाराल, तर ही जाहिरात नव्हे. चित्रफीत संगीताने सुरू होत नाही. सुरुवातीला एका स्त्रीचे निवेदन आहे. तो आवाज ब्रिटिश मॉडेल अ‍ॅग्नेस डीन यांचा आहे. कोणावाचून आपण शून्य आहोत असे वाटावे इतके कोणी महत्त्वाचे व्हावे, याची जवळजवळ लाज वाटते, असे ती सांगते. आणि सगळे संपल्यावर, त्यातले चांगले परत मिळणार असेल तर वाईटही परत यावे असे वाटते, असेही ती कबूल करते. म्हणजे पुढे जे दिसते ते घडून गेलेले आहे आणि त्यातून बाहेर पडलेल्या बाईच्या आठवणीतून ते आपल्यापुढे येते. बाथटबमधली जवळीक, मासे-बटाट्याच्या दुकानातली मस्ती ही दृश्ये इतकी लखलखीत दिसतात, ती या आठवणीमुळे. त्याच लखलखाटात मोटारीतले भांडण येते, तिच्या अंगावर मालकी सांगणारा शब्द गोंदवून घेणे येते, रस्त्यावर शुद्ध हरपून पडलेल्या तिला सोडून निघून जाणारा तो येतो, आणि अखेरीस ती त्याला सोडते.

तरीही आपली अस्वस्थता मी मोडीत काढणार नाही. चित्रण इतके देखणे आहे की, घाईने पाहणाऱ्याच्या मनात देखणेपणच उरते आणि निवेदनाकडे दुर्लक्ष होते. नायिका ओकते तेव्हा तिच्या तोंडातून रंगीत फिती बाहेर पडतात. कल्पना म्हणून हे दृश्य चतुर आहे, पण ओकारीची किळस त्यात धुऊन जाते, आणि मला ती दिग्दर्शिकेची चलाखी वाटते. मुलीशी बोलायचे असेल तर मनाई करण्यापेक्षा सुरुवातीचे निवेदन दोघींनी एकत्र ऐकावे आणि ते कोण, कधी बोलत आहे हे तिलाच विचारावे. ती कदाचित आपल्यापेक्षा बारकाईने पाहत असेल.

प्रश्न : नायक गायक क्रिस ब्राऊनसारखा दिसतो. ही रिहानाची स्वतःचीच कहाणी आहे का? (दोन वाचक, पुणे आणि बेळगाव)

उत्तर : तुलना होणे अटळ होते. फेब्रुवारी २००९ मध्ये ग्रॅमी सोहळ्याच्या आदल्या रात्री लॉस एंजेलिसमध्ये त्या वेळचे प्रियकर क्रिस ब्राऊन यांनी रिहाना यांना मारहाण केली. त्याच वर्षी त्यांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि त्यांना पाच वर्षे परिवीक्षेची (प्रोबेशनची) शिक्षा झाली. त्यानंतर अवघ्या दोन-अडीच वर्षांत अशा विषयाची चित्रफीत आली, आणि तिच्यात केस अगदी फिकट रंगवलेला तरुण नायक दिसला. तो इंग्लंडचा मुष्टियोद्धा आणि मॉडेल डडली ओशॉनेसी. हे ब्राऊन प्रकरणाचे चित्रण नाही, असे दिग्दर्शिकेने स्पष्ट केले होते.

तिचे म्हणणे मानावे असे मला वाटते, आणि त्याचे कारण चित्रफितीतच आहे. तिच्यात दोघेही तोल गेलेले आहेत, दोघेही एकाच गर्तेत उतरतात, आणि तिचा भर मारणाऱ्या-सोसणाऱ्याच्या जोडीपेक्षा परस्परांच्या व्यसनावर आहे. २००९ च्या घटनेत असा समतोल नव्हता. तेथे गुन्हेगार कोण हे न्यायालयात ठरले. दोन्ही गोष्टी एकच मानल्या तर दोष दोघांचा होता असा अर्थ निघतो, आणि तो अन्याय ठरेल. मात्र प्रेक्षक ही चित्रफीत त्या आठवणीशिवाय पाहणार नाही, हे रिहानासारख्या जाणत्या कलावंताच्या ध्यानात आले नसेल, असेही म्हणवत नाही.

प्रश्न : चित्रीकरण आयर्लंडमध्ये का झाले, आणि तेथे एका शेतकऱ्याने ते बंद पाडले हे खरे का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : चित्रीकरण उत्तर आयर्लंडमध्ये, सप्टेंबर २०११ च्या अखेरीस झाले; रिहाना त्या वेळी ‘लाउड’ या गायनाच्या दौऱ्यावर होत्या आणि केल्विन हॅरिस त्याच दौऱ्यात त्यांच्या कार्यक्रमाआधी वाजवत असत. बेलफास्टच्या न्यू लॉज भागातल्या वस्तीत आणि काउंटी डाउनमधील बँगर गावाजवळच्या एका धान्याच्या शेतात काम चालले होते. शेतातल्या चित्रीकरणात रिहाना यांच्या अंगावरील कपडे फारच कमी झालेले पाहून जमीनमालकाने काम थांबवण्यास सांगितले; हे आपल्या मूल्यांत बसत नाही असे त्याचे म्हणणे होते. बोलणे सभ्यतेने झाले, हस्तांदोलन झाले आणि मंडळी निघून गेली. जगभरच्या वृत्तपत्रांनी ही बातमी उचलली, त्यामुळे चित्रफीत पडद्यावर येण्याआधीच तिची चर्चा झाली. प्रसिद्धीसाठी वेगळा खर्च करण्याची गरज उरली नसावी.

जागेची निवड मात्र मला मार्मिक वाटते. उंच रहिवासी इमारती, ढगाळ आभाळ, ओली शेते: ध्रुपदातली निराशेची जागा या परिसराने फारसे काही न करता उभी केली आहे. हेच कथानक लॉस एंजेलिसच्या उन्हात फुकट गेले असते.

प्रश्न : गाणे खरोखर किती गाजले? आणि दिग्दर्शिकेचे पुढे काय झाले? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : गाणे २२ सप्टेंबर २०११ रोजी आले. अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत ते एकूण दहा आठवडे पहिल्या स्थानावर होते, सलग नव्हे, मध्ये खंड पडून. रिहाना यांचे तोवरचे दुसरे कोणतेही गाणे त्या स्थानावर इतके टिकले नव्हते. ब्रिटनमध्ये ते सहा आठवडे अग्रस्थानी होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुपर बोल या अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या मध्यंतरात त्यांनी मोजकी गाणी सादर केली, त्यांतही हे होते.

मत्सूकास यांनी २०१६ मध्ये गायिका बियॉन्से यांच्या ‘फॉर्मेशन’ची चित्रफीत केली आणि तिलाही ग्रॅमी मिळाला. २०१९ मध्ये ‘क्वीन अँड स्लिम’ हा त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट आला. त्यातही एक जोडपे मोटारीने पळत राहते. फक्त तेथे धोका एकमेकांकडून नसून बाहेरून, पोलिसांकडून असतो.