वाट्याला आलेल्या जुन्या पायपेटीचं काय करावं?

आजोबांची पायपेटी, म्हणजे खुर्चीवर बसून पायाने भाता मारत वाजवायची हार्मोनियम, वाट्याला आली, घरात वाजवणारं कुणी नाही. विकू, दुरुस्त करू की कुणाला देऊ, असं विचारलंयत. विकायची की नाही ते तुमचं तुम्ही बघा. पण दुरुस्तीला टाकणार असाल तर स्वतः जा आणि समोर बसून राहा.

आमच्या आजोबांची पेटी पॅरिसच्या सुरांची. सूर म्हणजे आतली पितळेची पाती, हवेने थरथरून वाजतात ती. नाटकांना साथ करून करून मधल्या सप्तकातल्या पांढऱ्या पट्ट्यांना खळगे पडलेले. मी त्याच पेटीवर शिकले, बोट आपसूक खळग्यात बसायचं. दादाने कधी भातासुद्धा मारला नाही. पण आजोबा गेल्यावर त्याने मोबाइलवर ट्यूनर, म्हणजे सूर मोजणारं अ‍ॅप, लावला, काटा सगळीकडे खाली. "पेटी उतरलीय," म्हणून मोकळा! अरे, फ्रान्सने १८५९ साली 'ए' हा स्वर सेकंदाला ४३५ कंपनांना बांधला, आज आपण ४४० धरतो. तिकडची जुनी पेटी किंचित उतरतीच लागणार. सगळे सूर सारखेच खाली असले तर ती सुरातच असते. एखादाच खाली असेल तर बिघाड. तीनदा सांगितलं. मी बाहेरगावी गेले आणि ह्याने पेटी टेम्पोत घातली.

परत आली ती चकचकीत पॉलिश, प्लास्टिकच्या पट्ट्या आणि नवे सूर घेऊन. जुने कुठेत? कारागीर म्हणाला, पितळ होतं, मोडीत गेलं. दादा म्हणाला, "वाजते ना?" वर ऐकवलं की पेटीला आकाशवाणीवरही बंदी होती. १९४० ला घातली तशी १९७१ ला उठवलीही, हे कोण सांगणार?

तर भात्याचं कातडं बिनधास्त बदला, आतली घाण काढा. सूर मात्र घासू देऊ नका. टोकाला घासला की चढतो, बुडाशी घासला की उतरतो, पण गेलेलं पितळ परत येत नाही. भजनी मंडळाला द्यायच्या फंदात पडू नका, ती मंडळी मांडी घालून बसतात. नाट्यसंगीत शिकवणारं कुणी शोधा.

हां, आतलं लाकूडच वाळवीने खाल्लं असेल तर माझं काही ऐकू नका. सूर काढून ठेवा, बाकीचं सोडून द्या. आणि पेटी बाहेर देण्याआधी पट्ट्या मोजा. ४२ पट्ट्यांची डबल सुरांची, म्हणजे दर पट्टीला दोन सूर असलेली पेटी म्हणजे ८४ सूर. परत घेताना तेवढे मोजून घ्या, नवे घातले असले तरी जुने मागा.