मशरूम पावडर पहिल्यांदाच करताय? मग एवढं सांभाळा

सुरुवात धिंगरीनं (ऑयस्टर मशरूम) करा. बटण मशरूमही चालतं, पण धिंगरी पातळ असते, लवकर वाळते. रानातली अळंबी मात्र अजिबात नको. वाळवल्यानं विषारी जात निर्धोक होत नाही.

१ किलो ताज्या मशरूमची जेमतेम १०० ग्रॅम पावडर पडते. पहिल्या खेपेला अर्धा किलोच घ्या. पाण्यात भिजत घालू नका, ओल्या फडक्यानं पुसा. हातानं पट्ट्या फाडून सुती कापडावर एकेरी पसरा. कडक उन्हात दोन-तीन दिवस, रात्री घरात. कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टात उन्हाचा नाद सोडा. ओव्हन ६० अंशांवर, दार किंचित उघडं.

बहुतेकांचं बिघडतं ते इथंच. पट्टी वाकतेय तोवर ती वाळलेली नाही. पापडासारखी कट्कन मोडली पाहिजे. चिवट राहिली तर दळताना गोळे होतात आणि बरणीत बुरशी धरते. दळल्यावर पूर्ण गार होऊ द्या, मगच भरा.

पहिला मसाला साधा ठेवा:
- मशरूम पावडर ५० ग्रॅम
- कोरडं भाजलेलं मीठ १० ग्रॅम
- मिरपूड ५ ग्रॅम

कांदा-लसूण चटणी यात मिसळू नका. तिच्यात तेल असतं, सगळंच खवट होईल. ती रश्श्यात वेगळी घाला.

चौघांच्या तांबड्या रश्श्याला पावडरीचा एक सपाट चमचा पुरे, जास्त झाली की चव मातकट लागते. फोडणीत टाकू नका, जळून कडू होते. पाणी ओतल्यावर घालून दहा मिनिटं उकळा. टोमॅटो असेल तर चव आणखी खुलते. शिटाके या दुसऱ्या मशरूमचं पुढं बघू, आधी धिंगरी नीट जमू दे.